दोनशे साक्षीदार, अंगठा एकच

बरेच महिने झाले इथे काही लिहिलं नाही. आत्या दर फोनला विचारते, "काय रे, दुकान बंद केलंस का?" बंद नाही केलं आत्या, शटर अर्धं ओढलेलं होतं इतकंच. आज मात्र डोकं फिरलंय, आणि डोकं फिरल्याशिवाय माझ्याकडून लेख होत नाही हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

तर झालं असं. माझा मामेभाऊ, आमचा दादा, देवगड तालुक्यात आंबा बागायतदार आहे. मामांच्या हातची दीडशे कलमं. वाशीच्या बाजारात पेटी पाठवायची आणि दलाल देईल तो भाव घ्यायचा, याला कंटाळून त्याने २०२२ मध्ये स्वतःची वेबसाइट केली. साइट साधी आहे, पण नीटस आहे. बागेचे फोटो, भाव, फोन नंबर. गेल्या खेपेला आजोळी गेलो होतो तेव्हा रात्रीची जेवणं आटोपल्यावर वहिनीने चार-पाच कागदांचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"भावजी, ह्याचा अर्थ काय तो एकदा सांगा. अठरा हजार दिलेत आम्ही ह्या कागदांचे."

एक्सेलची प्रिंट होती. दोनशे ओळी. पहिल्या रकान्यात कुठल्या तरी पानाचा पत्ता, दुसऱ्यात 'डीए' म्हणून एक आकडा, तिसऱ्यात सगळीकडे एकच शब्द, 'लाइव्ह'. २०२३ च्या दिवाळीनंतर एका एजन्सीने दादाला फोन करून सांगितलं होतं की तुमची साइट गूगलमध्ये सापडत नाही कारण तुम्हाला बॅकलिंक नाहीत. आम्ही दोनशे करून देतो. ब्लॉगर, वर्डप्रेस, मीडियम, अशा मोठमोठ्या ठिकाणी. तीन महिन्यांत पहिलं पान. (एजन्सीचं नाव लिहीत नाही. एक गेली तरी तिच्यासारख्या पन्नास आहेत, आणि मला नोटीस नकोय :) )

तीन महिने झाले, सहा झाले, हंगाम आला आणि गेला. साइट होती तिथेच. दादाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं, आणखी दोनशे घ्यायला हवेत. माझं डोकं फिरलं ते इथे.

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी (आत्या, तुझ्यासाठी) थोडक्यात. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पानावरून तुमच्या पानाकडे आलेला दुवा. त्याला किंमत का, तर लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात म्हटलं की संशोधक जसे एकमेकांच्या निबंधांचे दाखले देतात, तसेच वेबवरचे दुवे असतात. ज्याचा दाखला जास्त लोक देतात तो निबंध महत्त्वाचा. ज्याचा दाखला महत्त्वाचे लोक देतात तो आणखी महत्त्वाचा. हेच गणित वेबला लावलं, त्याला पेजरँक नाव दिलं आणि त्यावर गूगल उभं राहिलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्थळाची चौकशी. मुलगा कसा आहे हे मुलाला कुणी विचारत नाही. शेजारच्यांना विचारतात, ऑफिसातल्या माणसाला विचारतात, त्याच्या गावचं कुणी ओळखीचं निघतं का बघतात. त्यांच्या शब्दाला वजन का, तर चांगलं सांगून त्यांच्या पदरात काही पडायचं नसतं.

आता अशी कल्पना करा की मुलाने दोनशे सिमकार्डं घेतली आणि आवाज बदलून मुलीच्या वडिलांना दोनशे फोन केले. "नमस्कार, मी शेजारी बोलतोय, मुलगा फार चांगला आहे." दोनशे वेळा, आणि वाक्यसुद्धा तेच.

अठरा हजारांत दादाने हे विकत घेतलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक तर डास, दुसरं म्हणजे तो गठ्ठा. मोबाइल काढला आणि एकेक पत्ता उघडत बसलो. दोनशे नाही, साठ-सत्तर उघडले असतील. सगळीकडे तोच लेख, शब्द इकडचे तिकडे केलेले. कुठे 'आंब्यांचा राजा', कुठे 'फळांचा सम्राट', कुठे 'आंबा-अधिपती' (हे मात्र मला आवडलं). धंद्यात याला स्पिनिंग म्हणतात. एक लेख लिहायचा, प्रत्येक शब्दाला चार पर्याय द्यायचे, यंत्र त्यातून हवे तितके लेख पाडतं. आता तर तेवढेही कष्ट नाहीत, यंत्राला विषय सांगितला की पुरे. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात निळ्या अक्षरात 'देवगड हापूस ऑनलाइन खरेदी', आणि त्यावर टिचकी मारली की दादाची साइट. शब्द न् शब्द तोच. लोक आपणहून दुवे देतात तेव्हा कुणी 'इथे बघा' लिहितो, कुणी दुकानाचं नाव लिहितो, कुणी नुसता पत्ता चिकटवतो. साठ माणसं एकच चार शब्द लिहीत नाहीत. हे ओळखायला गूगल लागत नाही, माझ्या मोबाइलवरचा अंगठासुद्धा दहाव्या पानाला ओळखून चुकला.

आणि मजकूर! एका पानावर लिहिलं होतं की देवगड हापूस डिसेंबरमध्ये मुबलक मिळतो. दुसऱ्यावर, घरी आणलेला कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवून पिकवावा. ज्याच्या घरात अढी लावायची म्हणजे भाताचं पेंढं कसं, थर किती, कधी उलटायचं यावर मामा आणि दादा यांच्यात दर वर्षी भांडण होतं, त्याच्या नावावर हे! खाली त्याचाच फोन नंबर.

आता त्या 'डीए' नावाच्या रकान्याकडे येतो, कारण सगळी फसवणूक तिथे आहे. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. शंभरपैकी आकडा असतो. मॉझ नावाच्या कंपनीने स्वतःच्या अंदाजासाठी तयार केलेलं हे माप आहे. गूगल ते वापरत नाही, आणि हे मॉझ स्वतःच सांगते. पण एजन्सीच्या कागदावर मीडियमच्या पानासमोर नव्वदीतला आकडा दिसतो आणि ग्राहकाला वाटतं की नव्वद गुणांचा साक्षीदार मिळाला. तो आकडा अख्ख्या मीडियमचा आहे हो! तिथे लाखो लोक लिहितात, त्यांना जगभरातून दुवे येतात, त्याची ती बेरीज आहे. काल रात्री उघडलेल्या, एकाही माणसाने न वाचलेल्या खात्यातल्या पानाचा त्यात वाटा किती? मी मंत्रालयासमोरच्या फुटपाथवर उभं राहून दादाची शिफारस केली, तर ती मंत्रालयाची शिफारस होत नाही.

मूळ गणितही डोमेनचं नव्हतं, पानाचं होतं. एखाद्या पानाला जितकं वजन बाहेरून मिळालं असेल, त्याचाच काही भाग ते आपल्या दुव्यांतून पुढे वाटतं. ज्या पानाकडे जगातून एकही दुवा येत नाही, त्याच्याकडे वाटायला काय असणार? त्या निबंधातल्या सूत्राप्रमाणे प्रत्येक पानाला अगदी चिमूटभर वजन जन्मतःच मिळायचं, आणि सुरुवातीच्या काळात लोकांनी त्या चिमटीचाच धंदा केला. चिमूट चिमूट जमवायला हजारो पानं काढली. त्याला लिंक फार्म म्हणत. दोनशे पानांत तर तेव्हाही काही झालं नसतं.

आणि मीडियमवरच्या दुव्यांना 'नोफॉलो' आणि 'यूजीसी' अशा दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. म्हणजे मीडियमच शोधयंत्राला सांगतं की बाबा रे, हे आमच्या सदस्याने लिहिलंय, आमची साक्ष धरू नकोस. २०१९ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे आम्ही नोफॉलोकडे हुकूम म्हणून नाही, सूचना म्हणून बघू. त्या एका वाक्याच्या बळावर एजन्सीवाले आजही 'नोफॉलोलासुद्धा व्हॅल्यू आहे सर' म्हणून पॅकेज विकतात. असेल, कुणा खऱ्या माणसाने दिलेल्या दुव्याला असेलही. ब्लॉगरवरच्या लेखातल्या दुव्याला अशी चिठ्ठी आपोआप लागत नाही हेही खरं. पण चिठ्ठी नसली म्हणून रिकाम्या खिशातून पैसे निघत नाहीत.

इथे एक कबुली द्यायला हवी. नाहीतर दादा म्हणेल, मोठा शहाणा लागून गेला.

२००९ मध्ये मी हेच काम करायचो. नोकरी होती, पण नवीन घराचा हप्ता होता. रात्री तीनशे शब्दांचा एक इंग्रजी लेख, शंभर रुपये. गालिचे, केस गळणे, कर्ज, कुत्र्यांचं खाणं. मी आयुष्यात गालिचा विकत घेतलेला नाही. ते लेख आर्टिकल डिरेक्टऱ्यांत आणि स्क्विडूवर चढायचे. स्क्विडू आठवतंय का कुणाला? सेथ गोडिन यांनी २००५ मध्ये काढलेली साइट. तिथल्या पानाला 'लेन्स' म्हणत. कल्पना खरंच चांगली होती, प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेल्या विषयावर एक पान लिहावं. मी तिथे मला माहीत नसलेल्या विषयांवर चाळीसेक पानं लिहिली. आणि सांगतो, त्या काळी ते चालायचं. ग्राहक खूश व्हायचे, वर चढायचे, आणखी ऑर्डर द्यायचे. तेव्हा मला यात काही वाईट आहे असं वाटलंच नाही. वाचणारं कुणी नव्हतंच, मग फसवलं कुणाला? असा माझा हिशोब.

मोठमोठे लोकही करत होते. अमेरिकेतल्या जेसी पेनी या प्रचंड दुकानाचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये छापलं. 'ड्रेसेस', 'बेडिंग', काहीही शोधा, सणासुदीचे ते महिने पहिल्या नंबरावर जेसी पेनी. खणून पाहिलं तर दुकानाकडे बोट दाखवणाऱ्या कितीतरी दुव्यांचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. दुकान म्हणालं आम्हाला माहीत नव्हतं, आणि सल्लागार कंपनीला काढून टाकलं. गूगलने त्यांना खाली ढकललं. त्याच महिन्यात 'पांडा' आला आणि माझ्यासारख्यांच्या लेखांनी भरलेल्या साइटी कोसळल्या. २४ एप्रिल २०१२ ला 'पेंग्विन' आला, तो थेट खोट्या दुव्यांवर. माझं गिऱ्हाईक एका आठवड्यात संपलं. २०१४ मध्ये स्क्विडूच संपलं, हबपेजेसने ते घेतलं. गूगलने याच कल्पनेवर 'नोल' काढलं होतं, २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि २०१२ मध्ये बंद केलं. चांगल्या लोकांनी लिहिलेली चांगली पानंही त्यात होती.

२०१६ पासून तर गोष्ट आणखी केविलवाणी झाली. पेंग्विन गूगलच्या मुख्य गणिताचाच भाग झाला, आणि तेव्हापासून असले दुवे दिसले की सहसा अख्ख्या साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांची किंमतच शून्य धरली जाते. अगदीच बेताल वागलं तर माणसाकरवी कारवाई होते, पण एरवी नुसतं दुर्लक्ष. आता मला सांगा, एजन्सीला यापेक्षा चांगलं काय हवं? शिक्षा झाली असती तर ग्राहक ओरडत आला असता. दुर्लक्ष झालं तर ग्राहक वाट बघतो. तीन महिने, सहा महिने. मग त्याला सांगायचं की स्पर्धा फार आहे सर, दोनशे कमी पडले.

हे सगळं मी सकाळी चहाला दादाला सांगितलं. दादा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सगळेच करतत रे. मी एकट्यान नाय केलंय तर मागे पडतलंय."

हा युक्तिवाद मला अनेक शिकलेल्या लोकांकडूनही ऐकायला मिळतो, म्हणून त्याचं उत्तर इथे देतो. सगळे करतात आणि वर आहेत, म्हणजे केल्यामुळे वर आहेत असं नाही. पहिल्या पानावरच्या दुकानांचे दुवे मी पाहिले. त्यांच्याकडेही असला कचरा आहे, भरपूर आहे. पण त्याखेरीज त्यांच्यावर वर्तमानपत्रांत लिहून आलंय, खाण्यावर लिहिणाऱ्यांनी नावं घेतलीत, काही जण दहा-बारा वर्षं आंबे पाठवतायत. नाक्यावरच्या भरल्या हॉटेलाबाहेर लिंबू-मिरची टांगलेली असते म्हणून कुणी आपल्या हॉटेलासाठी अठरा हजारांच्या लिंबू-मिरच्या घेत नाही. शिवाय दुव्यांचं माहात्म्यही आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. गूगलच्याच गॅरी इलियेस यांनी २०२३ मध्ये एका परिषदेत सांगितलं की लिंक आता पहिल्या तीन निकषांतसुद्धा बसत नाहीत. गूगलच्या लोकांचं प्रत्येक बोलणं मी वेदवाक्य मानत नाही, त्यांनाही त्यांचा धंदा आहे. पण अठरा हजार खर्च करण्याआधी एवढं तरी कानावर असावं की नाही?

दादाचा दुसरा मुद्दा जास्त खरा होता. "मग कायच करायचा नाय? माका काय कोण पेपरात छापतलो?"

यावर मी गप्प बसलो. कारण लहान माणसाची अडचण खरी आहे. ज्याच्याकडे साक्षीदार आहेत त्याला आणखी मिळतात, ज्याच्याकडे नाहीत त्याला पहिला मिळत नाही. हे गणित गरिबाच्या बाजूचं कधीच नव्हतं. एजन्सीवाले बरोबर याच दुखऱ्या जागी बोट ठेवतात. म्हणून मला दादाचा राग येत नाही. राग येतो तो हे ठाऊक असून विकणाऱ्यांचा.

पण मग मी त्याला त्याच्याच भांडणाची आठवण करून दिली. दर एप्रिलमध्ये दादा कशावरून पेटतो? पेटीवर 'देवगड', आत कर्नाटकचा आंबा. याच्यावर तो तासभर बोलू शकतो, आणि त्याचं बरोबर आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याने पेढे वाटले होते. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर वेगळ्या कोडचं स्टिकर आणलं, तर त्याचं कौतुक तो मला अर्ध्या रात्री फोन करून सांगत होता. का? कारण खोट्या पेट्यांनी एका गिऱ्हाइकाचं नुकसान होऊन थांबत नाही. फसलेला माणूस पुढच्या वर्षी खऱ्या पेटीकडेही संशयाने बघतो. स्टिकरचा खर्च, कटकट, हे सगळं खऱ्या बागायतदाराच्या माथी येतं.

दादा, दुव्यांचंही नेमकं हेच झालंय. नोफॉलो कुठून आला? लोकांनी प्रतिक्रियांमध्ये औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती चिकटवायला सुरुवात केली, म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिघांनी मिळून तो आणला. दंड भरला कुणी? आपण. तुम्ही इथे मनापासून प्रतिक्रिया लिहिता, खाली आपल्या ब्लॉगचा पत्ता देता, त्याची साक्ष तेव्हापासून धरली जात नाही. विकिपीडियावर एखाद्याने चांगल्या संदर्भाचा दुवा दिला तरी २००७ पासून तीच चिठ्ठी. वेडीवाकडी अक्षरं ओळखून 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करण्यात आपण किती संध्याकाळी घालवल्या ते आठवा. ही सगळी आपल्या फळांवरची स्टिकरं आहेत, दुसऱ्यांच्या खोट्या पेट्यांपायी लागलेली.

आणि मराठीपुरतं बोलायचं तर जास्तच वाईट. इंग्रजीत कचरा पडला तरी खाली डोंगराएवढा खरा मजकूर आहे. आपल्याकडे एखाद्या विषयावर मनापासून लिहिलेली पाच पानं असतात. त्यात दोनशे खोटी पडली तर सापडणार काय? 'हापूस कसा पिकवावा' हे मराठीत शोधणाऱ्या एखाद्या मुलीला जर फ्रीजवालं पान मिळालं, तर तिच्या डझनभर आंब्यांचं जे होईल त्याला जबाबदार कोण? आम्ही सगळ्यांनी युनिकोड बसवण्यापासून धडपड करून नेटवर मराठी आणलं ते यासाठी? (हे वाक्य जरा भाषणासारखं झालं. असू दे, खरं आहे.)

मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमांत स्पष्टच लिहिलं की केवळ दुव्यांची गणितं फिरवण्यासाठी केलेला निकृष्ट मजकूर आणि ढिगाने पाडलेली पानं हा स्पॅमच धरला जाईल, माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. मोठ्या साइटच्या नावलौकिकावर आपली पानं चिकटवून वर चढण्याच्या प्रकारालाही तेव्हाच नाव मिळालं, 'साइट रेप्युटेशन अब्यूज'. म्हणजे दादाला २०२३ मध्ये जे विकलं, त्याची जाहिरात अजूनही चालू असेल तर ती लेखी नियम समोर असताना चालू आहे.

मग या मोफत ठिकाणांचा उपयोग काहीच नाही का? आहे ना. मी हे लिहितोय ते कुठे? ही ठिकाणं लिहिण्यासाठी आहेत! दुकानाची साइट रोज कुणी उघडत नाही, पण गोष्ट वाचायला लोक येतात. मीडियमवर किंवा ब्लॉगरवर दादाने स्वतः, स्वतःच्या शब्दांत एकच लेख लिहिला, मोहोर कधी येतो, तुडतुड्यांनी कसा जातो, पिकलेल्या फळात साका का निघतो, तर तो कुणीतरी वाचेल, कुणीतरी आपल्या ठिकाणी त्याचा दुवा देईल. तोही दुवा लहानसाच असेल. पण तो दादाने दिलेला नसेल. त्या लेखातून दादाच्या साइटकडे जाणाऱ्या दुव्याला शोधयंत्राच्या लेखी शून्य किंमत असली तरी त्यावर टिचकी मारणारं माणूस खरं असेल, आणि पेटी माणसं घेतात.

त्या दुपारी आम्ही हेच केलं. दादा बोलत होता, मी टंकत होतो. विषय अढी. मामा आतून ओरडून दुरुस्त्या सांगत होते. दीड तासात पान झालं. आता ते दादाच्या साइटवर आहे आणि उजवीकडच्या पट्टीत मी त्याचा दुवा दिलाय. मी त्याचा भाऊ आहे आणि दर मे महिन्यात दोन पेट्या फुकट खातो, हे लक्षात घेऊनच माझी साक्ष मोजा. आतापर्यंत दोघा अनोळखी लोकांनी आपल्या ब्लॉगवर त्याचा उल्लेख केलाय. त्यातल्या एका बाईंनी मामांचं पेंढ्याचं मत चूक आहे असंही लिहिलंय. मामांना अजून सांगितलेलं नाही.

राहता राहिली ती दोनशे पानं. ती काढून टाकावीत म्हणून एजन्सीला फोन केला. खाती त्यांच्या नावावर आहेत, पासवर्ड द्यायला तयार नाहीत, 'पॅकेजमध्ये बसत नाही' म्हणे. काढायची असतील तर सहा हजार वेगळे. वर, हे दुवे धरू नका असं गूगलला कळवण्याची सोय आहे (२०१२ पासून आहे, फुकट आहे, आणि बहुतेकांना तिची गरज नसते असं गूगलच सांगतं), तीही ते 'टॉक्सिक लिंक क्लीनअप' म्हणून विकतात. आम्ही काही घेतलं नाही. पानं तशीच लटकलेली आहेत, दादाच्या फोन नंबरसकट आणि २०२४ च्या भावांसकट.

गेल्या हंगामात डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना दोन डझन हवे होते, साइटवरच्या चालू भावाने नाही, त्यांनी वाचलेल्या भावाने. दादा समजावत होता की ते पान माझं नाही. ते म्हणाले, "अहो, तुमचं नाव आहे, तुमचा नंबर आहे, तुमच्या बागेचा फोटो आहे, आणि पान तुमचं नाही?" दादाकडे उत्तर नव्हतं. त्याने जुन्या भावाने दोन डझन पाठवले. डझनामागे दोनशे रुपये खाल्ले. वहिनीने ते चारशे वहीत लिहून ठेवलेत, त्या अठरा हजारांच्या खाली.